तपासता येईल असं मांडा : भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी, संशोधन सादर करण्याविषयी

भाषाविज्ञानाच्या परिषदेत समोर बसलेला माणूस नुसता ऐकत नसतो. पडद्यावर वाक्य आलं की तो ते मनातल्या मनात म्हणून पाहतो. त्याच्या भाषेतलं असेल तर 'असं म्हणतात का?' याचा निकाल तिथल्या तिथे लावतो. परक्या भाषेतलं असेल तर खालच्या ओळीतले प्रत्यय मोजतो आणि तुमच्या निष्कर्षाऐवजी दुसरा कुठला निष्कर्ष काढता येतो का, हे शोधायला लागतो. रसायनशास्त्राच्या श्रोत्याला वक्त्याचा प्रयोग खुर्चीत बसून पुन्हा करता येत नाही. आपल्या विषयात तो बऱ्याचदा करता येतो.

सादरीकरणाबद्दल सांगण्यासारखं जे काही आहे ते जवळपास सगळं या एका गोष्टीतून निघतं. विद्यार्थ्यांचे प्रश्न ठरलेले असतात: स्लाइड किती ठेवायच्या, वाचून दाखवलं तर चालेल का, हात थरथरतात त्याचं काय करायचं. ते रास्तच आहेत. पण त्यांच्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: तुम्ही केलेला दावा समोरच्याला तुम्हाला मिळालेल्या वेळातच तपासून पाहता येईल का? येत असेल तर आवाज थोडा कापला तरी बिघडत नाही. येत नसेल तर उत्तम आवाजानेही काही साधत नाही.

विषय सांगू नका, दावा सांगा

'तुझं संशोधन कशावर आहे?' असं विचारलं की बहुतेक जण विषय सांगतात. 'मराठी क्रियापदातला मेळ', म्हणजे कर्ता किंवा कर्म यांप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलणं, हा विषय झाला. त्यावर कुणालाही 'हो' किंवा 'नाही' म्हणता येत नाही, आणि ज्यावर 'नाही' म्हणता येत नाही ते तपासताही येत नाही.

एक उदाहरण घेऊ, ते लेखभर उपयोगी पडेल. 'तू चिठ्ठी लिहिलीस' हे वाक्य पाहा. 'लिहिली'तला ई चिठ्ठीमुळे आला आहे. चिठ्ठीच्या जागी निबंध असता तर 'लिहिलास' झालं असतं. शेवटचा स मात्र चिठ्ठीचा नाही, तो 'तू'चा आहे. एकाच क्रियापदावर कर्माची खूण आहे आणि तिच्यामागे कर्त्याचीही. आता समजा, एखादी विद्यार्थिनी या स वर काम करते आहे. तिचा दावा असा असू शकतो: 'हा स वाक्यात कर्ता कोण हे बघत नाही, "तू" हे रूप प्रत्ययाशिवाय आलं आहे का, एवढंच बघतो.' हे वाक्य ऐकल्याबरोबर मराठी बोलणारा प्रत्येक श्रोता उलट उदाहरण शोधू लागेल. तसं व्हायलाच हवं. तो शोधतोय याचा अर्थ त्याला दावा कळला.

म्हणून पहिल्या दोन मिनिटांतच तुमचा दावा एका वाक्यात पडद्यावर असू द्या. रहस्यकथेसारखं शेवटी उलगडायचं ठेवलंत, तर मधली सगळी उदाहरणं श्रोत्यापुढे येतात पण त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नाही.

पार्श्वभूमीचंही तसंच. लघुप्रबंधातलं पूर्वसंशोधनाचं प्रकरण परीक्षकासाठी असतं. तिथे तुम्ही काय काय वाचलंय ते दिसावं लागतं. सादरीकरणात ते दाखवायची गरज नसते. तुमचा दावा नवा का आहे हे कळायला जेवढं लागेल तेवढंच आधीचं काम सांगा. दोन स्लाइड पुरतात. वीस मिनिटांतली सात-आठ मिनिटं 'अमुक यांनी असं म्हटलं आहे, तमुक यांच्या मते तसं आहे' यात गेली, की तुमची स्वतःची सामग्री उरलेल्या वेळात धावत-पळत उरकावी लागते. विद्यार्थ्यांच्या सादरीकरणात सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच असावा, आणि त्याचं मूळ भीतीत असतं. दुसऱ्यांचं म्हणणं सांगताना चूक होण्याचा धोका कमी वाटतो. पण लोक तुमचं ऐकायला आलेले असतात.

दावा आधी आणि पुरावा त्याच्याच क्रमाने, याचा एक जुना आणि सुरेख नमुना समाजभाषावैज्ञानिक विल्यम लबोव्ह यांच्या कामात आहे. १९६२ साली त्यांनी न्यूयॉर्कमधली तीन मोठी दुकानं निवडली: महागडं सॅक्स, मधल्या दर्जाचं मेसीज आणि स्वस्त एस. क्लाइन. न्यूयॉर्कच्या बोलीत स्वरानंतरचा र् काही लोक उच्चारतात, काही गाळतात. भाकीत आधीच ठरलेलं होतं: समाजात ज्या क्रमाने ही दुकानं लागतात, त्याच क्रमाने त्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात र् चं प्रमाण उतरेल. मग चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे असं विचारायचं, म्हणजे उत्तर 'फोर्थ फ्लोअर' येणार; नीट ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारायचं, म्हणजे तेच शब्द जरा सावकाश येणार. दोन शब्द, दोन वेळा, अशा र् च्या चार जागा. एकूण २६४ जणांचे उच्चार मिळाले. पूर्णपणे किंवा काही जागी र् उच्चारणारे सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ आणि क्लाइनमध्ये २० टक्के निघाले.

हे सगळं सांगायला एक मिनिट पुरलं, आणि भाषाविज्ञान न शिकलेल्या माणसालाही त्याची तपासणी करता येते. 'पण दुकानातले लोक मालाची किंमत बघून मुद्दाम तसे बोलत असतील तर?' असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर मांडणीने आपलं काम केलं. तुमच्या कामातही भाकीत, ते तपासायची रीत आणि निकाल हे तीन टप्पे इतके सुटे सुटे दिसायला हवेत.

उदाहरण हाच पुरावा

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ. भाषाविज्ञानात उदाहरण शोभेसाठी नसतं. पदार्थविज्ञानात जे काम मोजमाप करतं, ते इथे उदाहरण करतं. तरीही एका स्लाइडवर बारा वाक्यं ठेवून 'तर यावरून दिसतं की…' असं म्हणत पुढे जाणारे वक्ते पुष्कळ भेटतात. बारा वाक्यांतून काहीच दिसत नाही, कारण नजर कुठे ठेवायची ते कुणी सांगितलेलं नसतं.

पुरावा दिसायचा असेल तर दोन वाक्यं शेजारी हवीत आणि त्यांच्यात एकाच गोष्टीचा फरक हवा. आपल्या विद्यार्थिनीकडे अशी एक जोडी आहे:

(१) तू जायला हवं होतंस.
(२) तुला जायला हवं होतं.
(३) *तुला जायला हवं होतंस.

अर्थ जवळपास एकच, क्रियापद तेच, जायचंय तेही त्याच माणसाने. बदललं आहे ते फक्त 'तू'चं रूप. 'ला' लागला आणि स गेला. तिचा सगळा दावा या तीन ओळींत उभा आहे, आणि मराठी बोलणाऱ्याला त्या म्हणून पाहायला दहा सेकंद लागतात. हिच्याऐवजी तिने 'तू पुस्तक वाचलंस' आणि 'तुला काल ताप आला होता' ही जोडी दाखवली असती, तरी स चा फरक दिसलाच असता. पण तिथे क्रियापद वेगळं, काम वेगळं, अर्थही वेगळा. स नेमका कशामुळे गेला हे कुणालाच सांगता आलं नसतं. अशी जोडी शोधायला कधी कधी आठवडे जातात, आणि तो वेळ सत्कारणी लागतो. वीस साधी वाक्यं गोळा करण्यापेक्षा एक अचूक जोडी शोधणं केव्हाही जास्त मोलाचं.

(३) मधल्या वाक्याआधी जी चांदणी (*) आहे तिचा अर्थही सांगायला हवा. वाक्यरचनेच्या अभ्यासात चांदणी म्हणजे 'भाषकांना हे वाक्य मान्य नाही'. ऐतिहासिक भाषाविज्ञानात तीच चांदणी 'हे रूप कुठे नोंदलेलं नाही, आम्ही ते तर्काने पुन्हा उभं केलं आहे' असं सांगते. सभागृहात दोन्हीकडचे लोक असतील तर एक वाक्य खर्च करा. आणि चांदणी लावताना ती कुणाच्या निर्णयावरून लावली तेही सांगा: स्वतःच्या, घरच्या माणसांच्या, की ठरवून विचारलेल्या भाषकांच्या?

परक्या भाषेतली उदाहरणं देताना ओळीखाली ओळ ठेवायची एक सर्वमान्य पद्धत आहे, तिला लाइप्झिगचे नियम म्हणतात. लाइप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतले बर्नार्ड कॉम्री व मार्टिन हास्पेलमाथ आणि तिथल्याच विद्यापीठातले बाल्थाझार बिकेल यांनी ते तयार केले. मूळ कल्पना साधी आहे. पहिल्या ओळीत प्रत्ययांच्या जागी तोडलेलं वाक्य, दुसऱ्या ओळीत शब्दाखाली शब्द ठेवून प्रत्येक तुकड्याचा अर्थ, तिसऱ्या ओळीत सरळ भाषांतर. आपलं पहिलं वाक्य मराठी न येणाऱ्यासाठी मांडायचं तर वरच्या दोन ओळी अशा होतील:

तू / चिठ्ठी / लिहि-ल-ई-स
तू / चिठ्ठी(स्त्री) / लिही-पूर्ण-स्त्री.एक-२.एक

वर जितक्या आडव्या रेघा तितक्याच खाली, हा यातला कणा. एका तुकड्यात दोन अर्थ असतील तर त्यांच्यामध्ये टिंब येतं, म्हणून 'स्त्री.एक'. चिठ्ठीचं स्त्रीलिंग शब्दातच मुरलेलं आहे, वेगळा प्रत्यय नाही, म्हणून ते कंसात. वर चार तुकडे आणि खाली तीन अर्थ असले की जाणकार श्रोता तिथेच अडकतो, आणि तुम्ही पुढची तीन वाक्यं काय बोललात ते त्याला ऐकू येत नाही. स्लाइड करताना शब्द खरोखर एकाखाली एक येतील असं बघा. स्पेस मारून जुळवलेल्या ओळी दुसऱ्या संगणकावर हमखास विस्कटतात. तक्ता करून त्याच्या रेघा लपवणं हा साधा उपाय आहे. तुमचा मुद्दा ज्या प्रत्ययावर आहे तो ठळक करा. बाकी काही ठळक करू नका.

उदाहरणांना क्रमांक द्या आणि ते शेवटपर्यंत सलग ठेवा. प्रश्नोत्तरांत लोक 'सातमधल्या ब मध्ये तुम्ही जे म्हणालात…' असंच बोलतात. क्रमांक नसेल तर 'ते मघाशी एक वाक्य होतं ना' यातच दोन मिनिटं जातात. याच कारणासाठी आपल्या विषयात छापील हँडआउट वाटायची प्रथा टिकून आहे, आणि ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. स्लाइड निघून जाते, कागद हातात राहतो. श्रोता पान उलटून (३) ची (९) शी तुलना करू शकतो, तुम्ही पुढे गेलात तरी मागे थांबू शकतो, समासात स्वतःचं उलट उदाहरण लिहू शकतो. हँडआउटवर दावा, सगळी उदाहरणं आणि संदर्भ असावेत, आणि क्रमांक स्लाइडवरच्याच उदाहरणांचे असावेत. शेवटच्या क्षणी एखादं उदाहरण गाळलंत तर दोन्हीकडे गाळा.

प्रत्येक उदाहरण कुठून आलं हेही तिथेच लिहा: ध्वनिमुद्रणातलं, पुस्तकातलं, भाषकाला विचारून मिळवलेलं की स्वतः रचलेलं. भाषावैज्ञानिक सामग्रीचा हवाला नीट दिला जावा यासाठी २०१८ साली 'ऑस्टिन तत्त्वं' मांडली गेली आणि २०१९ मध्ये त्यांच्या जोडीला 'ट्रॉम्सो शिफारशी' आल्या. दुसऱ्याचा लेख वापरताना आपण जसं नाव देतो, तसंच दुसऱ्याने मुद्रित केलेलं बोलणं वापरतानाही द्यावं, असा त्यांचा आग्रह आहे. ज्या भाषकांनी तुम्हाला वेळ दिला त्यांचं नाव सांगायचं की झाकायचं, हे मात्र तुम्ही ठरवू नका. त्यांना विचारा. काहींना आपली ओळख उघड नको असते. काहींना आपल्या भाषेबद्दल आपण सांगितलं याचा अभिमान असतो आणि नाव गाळलं तर वाईट वाटतं. आवाज ऐकवणार असाल तर त्याची परवानगी वेगळी घ्या. आवाजावरून माणूस ओळखू येतो.

आवाज, आकडे, आकृत्या

उच्चारांवर काम असेल तर उच्चार ऐकवा. ही गोष्ट इतकी उघड आहे, तरी सुटते. दोन स्वरांतला फरक सांगणारी पाच मिनिटं आणि तो ऐकवणारे पाच सेकंद यांत पाच सेकंद जिंकतात. ॲमस्टरडॅम विद्यापीठात पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेलं प्रात हे ध्वनींचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर तुम्ही वापरत असालच. त्यातलं ध्वनिचित्र जसंच्या तसं स्क्रीनशॉट काढून चिकटवू नका. प्रातच्या खिडकीतल्या बटणांचा श्रोत्याला काही उपयोग नाही. चित्र वेगळं काढा, कुठला ध्वनी कुठून कुठपर्यंत आहे ते खाली लिहा आणि बघायची जागा बाणाने दाखवा.

स्वरांच्या आलेखात एक संकेत पाळावाच लागतो. पहिला फॉर्मंट (फॉर्मंट म्हणजे स्वराच्या ध्वनीत जिथे ऊर्जा एकवटते ती वारंवारता) उभ्या अक्षावर आणि दुसरा आडव्या अक्षावर घेतात, आणि दोन्ही अक्ष उलटे ठेवतात: शून्याकडची बाजू वर आणि उजवीकडे. कारण असं, की जीभ खाली जाते तसा पहिला फॉर्मंट वाढतो आणि जीभ पुढे येते तसा दुसरा. अक्ष उलटे केले की ई डावीकडे वर, ऊ उजवीकडे वर आणि आ खाली येतो, म्हणजे पाठ्यपुस्तकात तोंडाच्या आकृतीत जिथे असतात तिथेच. आलेख काढणारी सॉफ्टवेअर हे आपोआप करतीलच असं नाही. सरळ अक्षांवरचा आलेख चुकीचा नसतो, पण समोरच्या माणसाला तो मनात उलटा फिरवावा लागतो, आणि तेवढा वेळ तो तुमच्याकडे लक्ष देत नाही.

प्रयोगावर आधारलेलं काम असेल तर निकालाच्या आधी प्रयोगातला एक नमुना पूर्ण दाखवा. सहभागी माणसाला नेमकं काय दिसलं, काय विचारलं गेलं, त्याने काय करायचं होतं? मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या जीन बर्को यांचा १९५८ चा प्रयोग आजही सगळ्यांना आठवतो तो त्यातल्या चित्रामुळे. एक काल्पनिक पक्ष्यासारखा प्राणी, त्याचं नाव 'वग'. मग तसेच दोन प्राणी, आणि मुलाने वाक्य पुरं करायचं. मूल इंग्रजीत अनेकवचन करून 'वग्ज' म्हणालं, तर ते पाठांतराने आलेलं असूच शकत नाही, कारण हा शब्दच त्याने कधी ऐकलेला नाही. एवढा एक नमुना पाहिला की प्रयोगामागचं सगळं तर्कशास्त्र कळतं. तुमच्या चाळीस नमुन्यांपैकी एक निवडा आणि तो असा दाखवा.

आकड्यांत सहभागी किती, नमुने किती, आणि मुख्य फरक केवढा हे तोंडाने सांगा. मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल या संख्याशास्त्रीय पद्धतीचा पूर्ण तक्ता पडद्यावर टाकून कुणाचं भलं होत नाही. तो हँडआउटच्या शेवटी ठेवा, ज्याला हवा तो बघेल. आलेखात लाल आणि हिरवा यांवरच फरक टांगू नका. हे दोन रंग वेगळे न दिसणारे लोक कुठल्याही मोठ्या सभागृहात असतात.

वाक्याची रचना फांद्यांनी दाखवणाऱ्या वृक्षाकृतींचा मोह वाक्यरचनेच्या विद्यार्थ्यांना फार. झाड पूर्ण काढलं म्हणजे विश्लेषण पूर्ण दिसतं असं वाटतं. पण चौदा फाट्यांच्या झाडात तुमचा मुद्दा एका फाट्यावर असतो. तेवढीच फांदी काढा, बाकीच्या जागी त्रिकोण. ऑप्टिमॅलिटी थिअरीचे (अनेक संभाव्य रूपांतून निर्बंधांच्या कसोटीवर एक निवडलं जातं असं मानणाऱ्या सिद्धांताचे) तक्ते दाखवत असाल तर पहिला तक्ता सावकाश वाचून दाखवा: डावीकडे उमेदवार, वर निर्बंध महत्त्वाच्या क्रमाने, चांदणी म्हणजे उल्लंघन, उद्गारचिन्ह म्हणजे इथे उमेदवार बाद, बोट जिंकणाऱ्याकडे. इथल्या चांदणीचा वाक्याआधीच्या चांदणीशी काही संबंध नाही. एकदा वाचायला शिकवलंत की पुढचे तक्ते लोक स्वतः वाचतात.

वेळ आणि बोलणं

अमेरिकेतल्या भाषाविज्ञान संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात २० मिनिटं बोलणं आणि १० मिनिटं प्रश्न अशी विभागणी असते. इतरत्रही साधारण हाच साचा दिसतो. एक उदाहरण वाचून, प्रत्ययांवर नजर फिरवून, पटवून घ्यायला एक मिनिट लागतं असं धरून चाला. म्हणजे वीस मिनिटांत आठ-दहाच्या वर उदाहरणं बसत नाहीत. तुमच्याकडे तीस असतील तर वीस बाहेर ठेवावीच लागतील, आणि ती ठेवताना जीव तुटणार. टाकून देऊ नका. शेवटच्या स्लाइडनंतर राखीव म्हणून ठेवा. प्रश्नोत्तरांत त्यांची गरज पडते.

वाचून दाखवण्याबद्दल माझं मत असं: पहिली चार-पाच वाक्यं आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जातानाची वाक्यं शब्दशः लिहून काढा, मधलं उदाहरणांकडे बघत बोला. लिहिलेलं गद्य आणि बोललेलं गद्य यांतला फरक आपल्याइतका कुणाला माहीत असणार? शोधनिबंध जसाच्या तसा वाचला की वाक्यं लांबतात, क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरला जातो आणि उदाहरणं घाईने उरकली जातात. उदाहरण मात्र मोठ्याने, पूर्ण, त्या भाषेच्या लकबीने म्हणा. ती भाषा तुम्हाला नीट बोलता येत नसेल तर एखाद्या भाषकाचं ध्वनिमुद्रण लावा.

सराव अशा माणसासमोर करा जो भाषाविज्ञानातलाच आहे पण तुमच्या शाखेतला नाही. तुम्ही वाक्यरचनेतले असाल तर ध्वनिविचारातला मित्र गाठा. शेवटी त्याला दावा स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. त्याला सांगता आला नाही तर दोष त्याच्या शाखेचा नाही.

घबराटीवर बोलायचं तर तिच्यावर हुकमी औषध नाही. पण घाबरलेल्या माणसाचा वेग वाढतो, हे ठाऊक असलं की उदाहरणापाशी थांबणं जमतं. वाक्य म्हणा, मनात पाच आकडे मोजा, मग पुढे बोला. तुम्हाला ती शांतता जीवघेणी लांब वाटेल. समोरचे लोक तेवढ्यात वाक्य तपासत असतात आणि त्यांना ती कमीच पडत असते.

प्रश्न आले की

विद्यार्थ्यांना प्रश्नोत्तरांची धास्ती सर्वांत जास्त असते, आणि शिकायलाही तिथेच सर्वांत जास्त मिळतं. प्रश्नांचे काही प्रकार पुन्हा पुन्हा येतात. आपल्या विद्यार्थिनीला कुठले येतील ते पाहू.

पहिला बहुधा असा येईल: 'आमच्याकडे स लावतच नाहीत. "तू चिठ्ठी लिहिली" असंच म्हणतात.' अशा वेळी विद्यार्थी गोंधळून 'हो, पण प्रमाण मराठीत…' असं काहीतरी म्हणतो, आणि समोरच्याला वाटतं की आपली बोली चुकीची ठरवली. तसं कधीही म्हणू नये. श्रोत्याने दिलेली ही नवी सामग्री आहे. ती नोंदवून घ्या आणि आपला दावा तिच्यावर लावून दाखवा: 'माझ्या दाव्याप्रमाणे जिथे स येतो तिथे तो प्रत्यय नसलेल्या तू बरोबरच येईल. तुमच्या बोलीत तो कुठेच येत नसेल तर दाव्याला धक्का लागत नाही. पण "तुला"बरोबर स लावणारी बोली कुणाला माहीत असेल तर माझा दावा मोडेल, आणि मला ती ऐकायला आवडेल.' दावा कशाने मोडेल हे आपणहून सांगणाऱ्या वक्त्यावर सभागृहाचा विश्वास बसतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड: '(२) मध्ये "तुला" हा मुळात कर्ता आहे का? नसेल तर स न येण्यात नवल काय?' हा दुसरा निष्कर्ष सुचवणारा प्रश्न आहे आणि त्याची तयारी आधीच हवी. राखीव स्लाइडवर 'त्याला आपली चूक कळली' हे वाक्य असू द्या. 'आपली' म्हणजे इथे त्याचीच, आणि 'आपला' हा शब्द साधारणपणे कर्त्याकडे बोट दाखवतो. म्हणजे 'ला' लागलेला शब्दही कर्त्यासारखा वागतो. तरीही 'तुला चूक कळली' म्हणतात, 'कळलीस' म्हणत नाहीत. इथे प्रश्न विचारणारा आणखी खोलात जाऊ शकतो, पण चर्चा आता मुद्द्यावर आली. आपल्या दाव्याविरुद्धचा सर्वांत बळकट युक्तिवाद कोणता, हे परिषदेच्या आदल्या आठवड्यात स्वतःच लिहून काढा. तुम्हाला तो सुचला नाही तर मार्गदर्शकांना विचारा. त्यांना बहुतेक सुचलेला असतो.

तिसरा: 'अमुक भाषेत असंच काहीतरी आहे, ते पाहिलंत का?' पाहिलं नसेल तर 'नाही, पाहिलेलं नाही' हे पुरेसं उत्तर आहे, आणि त्यापुढे 'तिथे नेमकं काय होतं?' असं विचारावं. कधी कधी कुणी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचंच व्याख्यान सुरू करतं. शांतपणे ऐका, त्यातला तुमच्या उदाहरणांशी जुळणारा एक धागा उचला, त्याला उत्तर द्या. बाकीचं सत्राध्यक्षांवर सोपवा.

प्रश्न संपायच्या आधी उत्तर देऊ नका. प्रश्न कळला नसेल तर आपल्या शब्दांत परत सांगून 'असंच ना?' म्हणा. आणि एका मित्राला प्रश्न टिपून घ्यायचं काम द्या. उभं राहून उत्तर देणाऱ्याला नंतर काही आठवत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. कोण काय म्हणालं, कुठल्या क्रमांकाच्या उदाहरणावर म्हणालं, कुणी कुठल्या बोलीतलं वाक्य दिलं, हे त्याच संध्याकाळी नीट उतरवून काढा.

राहता राहिला तांत्रिक भाग. देवनागरी आणि आयपीए (उच्चार लिहिण्याची आंतरराष्ट्रीय लिपी) यांची चिन्हं एकाच स्लाइडवर असली की परक्या संगणकावर मात्रा सुटतात, स्वरचिन्हांच्या जागी चौकोन येतात. आयपीएसाठी चारिस किंवा डूलोस हे एसआयएल संस्थेचे मोफत फॉन्ट चांगले आहेत, पण तिथल्या संगणकावर ते असतीलच असं धरू नका. पीडीएफ करून न्या. ध्वनिफिती मात्र पीडीएफमध्ये वाजतीलच असं नाही. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये, उदाहरणाचा क्रमांक हेच फाइलचं नाव देऊन ठेवा, आणि सत्र सुरू होण्याआधी एक फीत त्या खोलीतल्या स्पीकरवर लावून मागच्या रांगेत ऐकू येतेय का ते पाहून या.